मियोटा २०३५ : एका यंत्राचा करारनामा

मनगटावरचे क्वार्ट्झ घड्याळ बंद पडावे, सेल बदलूनही काटा जागचा हलू नये, आणि दुकानातील कारागिराने डोळ्याला भिंग लावून क्षणभर आत डोकावून “मशीन बदलावे लागेल” असा निकाल द्यावा, की सामान्य ग्राहकाच्या मनात पहिली शंका येते ती फसवणुकीची. ज्या पिढीने घड्याळजीला एकेक चक्र सुटे करताना, ते पेट्रोलात धुताना आणि सुईच्या अग्राने तेलाचा कण देऊन घड्याळ पुन्हा चालते करताना पाहिले आहे, तिला सबंध यंत्रच काढून त्या जागी दुसरे बसविणे हा प्रकार दुरुस्तीचा नसून कामचुकारपणाचा वाटावा, यात नवल नाही. तथापि हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो. जपानी क्वार्ट्झ यंत्र हे मुळात बदलता यावे अशाच हेतूने घडविलेले असते. त्याच्या तपशीलपत्रकातील प्रत्येक आकडा हा यंत्र, तबकडी, काटे, चावी आणि केस यांच्यामधील करारनाम्याचे एकेक कलम असतो. आणि कारागिराचे खरे कसब ही सारी कलमे वाचून, तपासून, त्यांतील एकाचाही भंग न होऊ देण्यात असते. हे कसब जुन्या कसबाहून निराळे आहे, पण कमी प्रतीचे खचित नाही.

उदाहरणासाठी मियोटा २०३५ हे एकच यंत्र घेऊ. कारण स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अगणित घड्याळांच्या पोटात हेच यंत्र आढळते, आणि आपल्याकडच्या कोणत्याही शहरातील घड्याळांच्या सुट्या भागांच्या बाजारात ते नाव घेताच मिळते. मियोटा हे जपानच्या नागानो प्रांतातील एका गावाचे नाव. त्याच नावाने सिटिझन ही कंपनी आपली यंत्रे इतर घड्याळ-उत्पादकांना विकते. सिटिझनशी हिंदुस्थानचा परिचय तसा जुना आहे, कारण १९६१ साली बंगळूर येथे एचएमटीने हातघड्याळांचा कारखाना उभारला तो याच कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने, आणि महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या मनगटांवर वर्षानुवर्षे मिरविलेल्या त्या चावीच्या घड्याळांचे आजोळ अशा रीतीने जपानचेच होते. आज अनेक घड्याळांच्या तबकडीवर, सहाच्या आकड्याच्या बुडाशी, ‘जपान मूव्हमेंट’ अशी मुंगीच्या पावलाएवढी अक्षरे छापलेली असतात. त्यांचा अर्थ एवढाच की आतील यंत्र जपानी जातीचे आहे. केस, काच, काटे आणि पट्टा कोठले याविषयी ती अक्षरे काहीही दाखला देत नाहीत, आणि विक्रेता त्यांच्या आधारे संपूर्ण घड्याळाचे कूळ जपानी ठरवू लागला तर ते मान्य करण्याचे ग्राहकाला कारण नाही.

या यंत्राचे काळीज म्हणजे क्वार्ट्झचा एक स्फटिक. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार प्रकट होतो, हे झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखविले. उलट, स्फटिकाला विद्युत्‌दाब दिला असता तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो, हेही लवकरच सिद्ध झाले. या दाबविद्युत्-गुणाचा कालमापनाकडे उपयोग करून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९२७ साली पहिले क्वार्ट्झ घड्याळ रचले. त्यानंतरची चार दशके म्हणजे खोलीतील घड्याळ मनगटावर आणण्याची कथा होय. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकसाठी सेको कंपनीने हातात धरून नेता येईल असे सुमारे ३ किलो वजनाचे क्वार्ट्झ घड्याळ तयार केले. आणि २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन’ हे जगातील पहिले क्वार्ट्झ हातघड्याळ टोकियोत विक्रीस ठेवले, त्याची किंमत ४,५०,००० येन, म्हणजे त्या काळच्या एका लहान मोटारगाडीच्या बरोबरीची होती. त्याच्या स्फटिकाची कंप्रता सेकंदाला ८,१९२ होती आणि महिन्याला ५ सेकंदांहून अधिक चूक होणार नाही अशी हमी होती. आज त्याच तत्त्वावरचे यंत्र एका वेळच्या जेवणाच्या किमतीत मिळते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य मनन करावी अशी आहे. आपल्याला मात्र यंत्राच्या अंतरंगाकडे वळावयाचे आहे.

२०३५ मधील स्फटिक नादकाट्याच्या आकाराचा, दोन शूलांचा असून तो एका बारीक धातूच्या नळकांडीत निर्वात अवस्थेत बंद केलेला असतो. सेलची विद्युत् मिळताच तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा लहरीने निवडलेला नाही. एकापासून दोनाने गुणीत पंधरा पायऱ्या चढल्या म्हणजे ३२,७६८ येतात. म्हणून त्याच संख्येचे पंधरा वेळा निम्मे करीत खाली उतरल्यास नेमका १ उरतो, आणि निम्मे करण्याचे काम तर संकलित मंडलाला सर्वांत सुलभ. अशा रीतीने स्फटिकाच्या बेसुमार लगबगीतून सेकंदाला एक, असा शांत स्पंद निघतो. कंप्रता याहून बरीच कमी ठेवावी तर स्फटिक आकाराने मोठा होतो आणि धक्क्याने बिचकतो. पुष्कळ वाढवावी तर सेल लवकर संपतो. या दोहोंमधला तोडगा म्हणून ही संख्या सर्वत्र रूढ झाली.

तो स्पंद काही सहस्रांश सेकंदच टिकतो. एवढ्या अल्पावधीत तो केसाहून बारीक तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांच्या वेटोळ्यातून जातो, वेटोळ्याच्या गाभ्यात क्षणिक चुंबकत्व उत्पन्न करतो, आणि त्या चुंबकत्वाच्या धक्क्याने मधला इवलासा चुंबकीय घूर्णक अर्धा फेरा फिरून थांबतो. पुढच्या सेकंदाला स्पंदाची दिशा उलटी असते, म्हणून घूर्णक उरलेला अर्धा फेरा पुरा करतो. पायरी-पायरीने चालणाऱ्या या चलित्राची कल्पना मारियस लाव्हे या फ्रेंच अभियंत्याची, १९३६ सालची. तेव्हा हातात क्वार्ट्झ घड्याळ असेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. घूर्णकाचा १८० अंशांचा फेरा दंतचक्रांच्या मालिकेतून तीसपट घटवला की सेकंदकाट्याला बरोबर ६ अंश मिळतात. आणि आपण ज्याला ‘टिक’ म्हणतो तो आवाज या अर्ध्या फेऱ्याचा असतो. जुन्या घड्याळात स्प्रिंगची शक्ती काट्यांना ढकलीत असे आणि तोलचक्र तिला आवरीत असे. येथे कोणाला आवरावयाचे नाही, मंडल हुकूम देते आणि चलित्र तो बजावते.

आता करारनाम्याकडे वळू. अचूकतेचे कलम ग्राहकाच्या सर्वाधिक परिचयाचे, आणि त्याचाच सर्वाधिक गैरसमज होतो. २०३५ साठी महिन्याला अधिक-उणे २० सेकंद अशी मर्यादा दिलेली असते, म्हणजे दिवसाला सुमारे दोन-तृतीयांश सेकंद. स्वित्झर्लंडमध्ये प्रमाणित होणाऱ्या उत्तम यांत्रिक घड्याळालाही दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सवलत असते, हे ध्यानी घेतल्यास ही मर्यादा किती काटेकोर आहे ते कळते. परंतु ती घड्याळ मनगटावर असताना आणि सामान्य तापमानातच लागू असते. नादकाट्याच्या आकाराचा स्फटिक सुमारे २५ अंश सेल्सिअसला सर्वांत जलद चालतो. तापमान त्याहून वर जावो वा खाली, तो मंदावतोच, आणि मंदावण्याचे प्रमाण अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. मेमध्ये नागपूरच्या एखाद्या बंद कपाटात ४५ अंशांवर पडून राहिलेले घड्याळ आणि महाबळेश्वरच्या कडाक्याच्या रात्री ५ अंशांवर राहिलेले घड्याळ ही दोन्ही सारखीच, दिवसाला सुमारे सव्वा सेकंद, मागे पडतात. मनगटाची ऊब या यंत्राचे तापमान आपोआप राखते, म्हणून रोज वापरलेले घड्याळ पेटीत ठेवलेल्या घड्याळापेक्षा बरोबर चालते. ज्यांना याहून अधिक हवे त्यांच्यासाठी जपान्यांनी तापमानाचा वारंवार अंदाज घेऊन स्वतःस दुरुस्त करणारी यंत्रे काढलीच आहेत. ग्रँड सेकोच्या १९९३ सालच्या ९एफ मालिकेची मर्यादा वर्षाला १० सेकंद, तर सिटिझनने २०१९ साली आणलेल्या ०१०० या यंत्राची वर्षाला केवळ १ सेकंद आहे. पण त्यांची किंमत ऐकून २०३५ चा मालक आपल्या वीस सेकंदांवर संतुष्ट राहील.

दुसरे कलम मापाचे. घड्याळाच्या व्यवसायात यंत्राचे माप आजही ‘लीन’ या जुन्या फ्रेंच एककात सांगण्याचा शिरस्ता आहे. पॅरिसच्या इंचाचा बारावा भाग, म्हणजे सुमारे २.२५६ मिलिमीटर. २०३५ हे पावणेसात गुणिले आठ लीनांचे, म्हणजे स्थूलमानाने १५ गुणिले १८ मिलिमीटरचे, आणि ३.१५ मिलिमीटर जाडीचे यंत्र आहे. त्यामुळे ते स्त्रियांच्या नाजूक घड्याळातही मावते आणि पुरुषांच्या मोठ्या केसमध्ये प्लास्टिकच्या कड्याच्या आधाराने बसते. ज्याला तारखेची खिडकी हवी त्याला याच कुळातील २११५ हे यंत्र घ्यावे लागते.

काट्यांचे कलम सर्वांत कठोर. तासकाट्याचे छिद्र १.२० मिलिमीटर, मिनिटकाट्याचे ०.७०, आणि सेकंदकाट्याची नळी ०.१७ मिलिमीटर. पहिल्या दोन मापांत अनेक स्विस यंत्रे मियोटाशी जुळतात. पण सेकंदकाट्याला बहुतेक स्विस यंत्रे ०.२० मागतात, आणि या मिलिमीटरच्या तीन शतांश भागांमुळे किती भांडणे झाली असतील! मोठ्या छिद्राचा काटा बारीक दंडावर सैल बसतो, धक्का बसला की सरकतो, आणि गिऱ्हाईक परत येऊन ‘घड्याळ चुकते’ म्हणून तक्रार करते, जेव्हा यंत्र अगदी बरोबर चालत असते आणि खोटे बोलत असतो तो काटा. लांब, जड आणि तोल बिघडलेला सेकंदकाटा तर चलित्राला पेलवतच नाही. म्हणून तपशीलपत्रकात काट्याच्या वजनाची व असंतुलनाची मर्यादाही नमूद केलेली असते, जी हौसेने मोठे काटे बसविणारे बहुधा वाचीत नाहीत.

तबकडी यंत्रावर बसते ती तिच्या पाठीशी असलेल्या तांब्याच्या दोन बारीक पायांवर, आणि हे पाय कोणत्या जागी असावेत ते प्रत्येक यंत्राचे स्वतंत्र असते. मधल्या दंडाची उंचीही सर्वत्र एक नसते, जाड तबकडीसाठी उंच दंडाची रूपे निघतात. क्रमांक तोच पण उंची निराळी असे यंत्र आणले तर एक तर काटे तबकडीला घासतात किंवा काचेला टेकतात. केवळ बाहेरचे माप आणि सेल सारखा आहे एवढ्यावर ‘चालेल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचे म्हणणे म्हणूनच प्रमाण मानू नये. चावीच्या दांड्याचा आटाही जुळावा लागतो. २०३५ चा ०.९० मिलिमीटरचा.

सेलचे कलम त्यातल्या त्यात साधे: एसआर ६२६ एसडब्ल्यू, व्यास ६.८ आणि उंची २.६ मिलिमीटर, विद्युत्‌दाब १.५५ व्होल्ट. यातील ‘एसआर’ हे सिल्व्हर ऑक्साइडचे चिन्ह होय. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल काही रुपयांनी स्वस्त मिळतो आणि घड्याळ त्यावर चालतेही. पण सिल्व्हर ऑक्साइडचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहून मग एकदम ढासळतो, तर अल्कलाइनचा पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो आणि मुदत संपल्यावर तो सेल पाझरण्याचा संभव अधिक असतो. सेलची क्षमता सुमारे २८ मिलिअँपिअर-तास आणि यंत्राची मुदत सुमारे ३ वर्षे धरून जमाखर्च मांडला, तर हे यंत्र सरासरीने एका अँपिअरच्या दशलक्षाव्या भागाएवढ्याच प्रवाहावर आपला संसार चालविते असे निघते. इतक्या काटकसरीच्या संसारात पाझरलेल्या क्षाराचा एक थेंब मंडलाच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो, आणि यंत्र बदलण्याची पाळी येते ती बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून मृत सेल घड्याळात महिनोन्‌महिने तसाच ठेवणे यासारखा दुसरा निष्काळजीपणा नाही.

यंत्राला मृत ठरविण्यापूर्वी काही रुजवात करणे मात्र अगत्याचे आहे. चावी बाहेर ओढलेल्या स्थितीत राहिली असेल तर सेकंदकाटा थांबतो, आणि निव्वळ एवढ्या कारणाने दुरुस्तीस आलेली घड्याळे कोणत्याही दुकानात पाहावयास मिळतात. मग सेलचा दाब मोजावा, संपर्कपट्ट्या स्वच्छ कराव्यात, वेटोळ्याच्या दोन टोकांमधील रोध पाहावा. मापक काहीच दाखवीत नसेल तर तार तुटलेली आहे. बऱ्याचदा ती तुटते सेल काढताना घसरलेल्या पेचकसाने. तार शाबूत, सेल ताजा, तरी काटा जागच्या जागी थरथरत असेल तर चक्रांत धूळ किंवा आळलेले तेल असण्याचा संभव असतो. हे यंत्र उघडून साफ करता येते, नाही असे नाही. परंतु त्याचे बरेच भाग प्लास्टिकचे असून नवे यंत्र त्या मेहनतान्याहून स्वस्त पडते, आणि म्हणून कारागीर बदलाचा सल्ला देतो तो हिशेबास धरून असतो. मोठ्या किमतीच्या किंवा दुर्मीळ यंत्राला हा न्याय लावता कामा नये.

प्रत्यक्ष बदलाच्या कामी पहिली गोष्ट म्हणजे जुन्या यंत्रावर कोरलेला क्रमांक वाचणे. पाठझाकणावरचा क्रमांक केसचा असतो, यंत्राचा नव्हे. चावीच्या दांड्याशेजारी असलेला बारीक खळगा बोथट टोकाने हलकेच दाबला की दांडा सुटतो. जोर केला तर आतला अडसर जागचा निसटतो आणि नव्या यंत्रातही तोच घोळ होतो. यंत्र तबकडीसह बाहेर काढल्यावर काटे उपसताना तबकडीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा धरावा, नाहीतर उपसणीचा ओरखडा कायमचा राहतो. तबकडी नव्या यंत्रावर बसवून काटे लावण्याच्या वेळी यंत्राच्या पाठीमागून मध्यभागी आधार देणे हे अत्यंत महत्त्वाचे. कारण काट्यावर पडलेला दाब थेट खालच्या दंडावर उतरतो आणि निराधार यंत्राची चक्रे त्या दाबाने वाकतात. तारखेचे यंत्र असेल तर आधी चावी फिरवून तारीख उडी मारते तो क्षण गाठावा आणि त्या स्थितीत तास व मिनिट हे दोन्ही काटे बारावर बसवावेत, म्हणजे तारीख मध्यरात्रीच बदलेल, दुपारच्या जेवणाच्या वेळी नव्हे. सेकंदकाटा सर्वांत शेवटी. मग चावीने काटे बारा तास पूर्ण फिरवून ते एकमेकांना, तबकडीला किंवा खुणांना कोठे लागत नाहीत ना, हे बाजूने भिंगातून पाहावे.

नव्या यंत्रासोबत आलेला दांडा मुद्दाम लांब ठेवलेला असतो, कारण प्रत्येक केसची जाडी निराळी. जुन्या दांड्याच्या मापाने तो कापावा, पण एकदम नव्हे. किंचित लांब कापून, कानस लावून, चावी केसला नीट टेकते की नाही हे पुनःपुन्हा पाहत जावे, कारण कापलेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही. या एका पायरीवर नवशिक्यांचे हात सर्वाधिक चुकतात, आणि अनुभवी कारागीरही येथे घाई करीत नाही.

सेल घालताना धातूचा चिमटा त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागू देऊ नये. प्लास्टिकचा चिमटा वापरणे हाच शिरस्ता बरा. घड्याळ चालू झाल्यावर लगेच ते ग्राहकाच्या हवाली न करता एक-दोन दिवस निरनिराळ्या स्थितींत, तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली, असे ठेवून खात्री करून घ्यावी. कारण घासणारा काटा बहुधा एखाद्याच विशिष्ट स्थितीत उघडकीस येतो. शेवटची बाब पाठझाकणाच्या रबरी कड्याची. ते कडक झाले असेल, चिरले असेल, तर ते बदलावेच, आणि नव्यावर सिलिकॉनचे वंगण लावावे. जुनेच कडे परत बसवून, केसवर पूर्वीची ‘जलरोधक’ ही अक्षरे कायम आहेत म्हणून पोहण्यास परवानगी देणे हे कारागिराने करू नये आणि ग्राहकाने मागू नये. दाबाच्या यंत्रावर तपासणी करण्याची सोय ज्या दुकानात नाही तेथून परत आलेले घड्याळ, ते कितीही बरोबर चालत असले तरी, मुंबईच्या जुलैत पावसात मिरविण्याऐवजी छत्रीखाली ठेवणेच इष्ट.